बारा फाका, बारा रंग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. मागच्या भिंतीवर जे गोल विणलेलं टांगलंय ते काय आहे आणि त्याचे रंग असे का, एवढंच सांगायचं आहे. सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. कुणाला ती रांगोळी वाटली, कुणाला चाक वाटलं. एका मित्राने तर "याच्यावर डार्ट मारायचे का?" असंही विचारलं. तो दहावीतही असाच होता.

ते राशिचक्र आहे. क्रोशाने विणलेलं, सव्वादोन फूट व्यासाचं. आमच्या तुकडीतल्या बाराजणींनी प्रत्येकी एक फाक विणली. कुणी शहापुरात, कुणी किन्हवलीत, कुणी सरळगावात, मुरबाडात, आणि लग्न होऊन गेलेल्या कल्याण-बदलापुरात. मग एका रविवारी बसून सगळ्या फाका जोडल्या.

आता क्रोशा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयांचे रुमाल येतात. रेडिओवरचा रुमाल, मग टीव्हीवरचा, दाराचं तोरण, रुखवतातलं ताटावरचं झाकण. ते बहुतेक पांढऱ्या बारीक दोऱ्याचं असायचं, अँकरच्या गुंड्याचं, आणि रंगाचा प्रश्न फारसा यायचाच नाही. फार तर कडेला लाल किंवा हिरवी ओळ. रंग निवडायची वेळ आली की खरी डोकेदुखी सुरू होते, आणि बारा रंग एकमेकांशेजारी बसवायचे असतील तर विचारू नका.

पण आधी गणित, कारण आमच्या गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. क्रोशात खांबांचं सपाट वर्तुळ विणायचं तर पहिल्या फेरीत १२ खांब घालतात आणि प्रत्येक फेरीत १२ वाढवतात. म्हणजे १२, २४, ३६, ४८. यापेक्षा कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर होते. हे प्रत्येक विणणारीला हाताने माहीत असतं. राशी १२ असल्यामुळे प्रत्येक राशीच्या वाट्याला पहिल्या ओळीत एक खांब येतो, दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्यात तीन. म्हणून बाराजणींना वेगवेगळ्या गावी बसून फाका विणता आल्या: ओळीचा जो नंबर, तेवढे खांब. नवव्या ओळीत बारा फाकांचे मिळून १०८ खांब होतात. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे चार चरण, एकूण चरण १०८, आणि प्रत्येक राशीत नऊ चरण. ही नववी ओळ आम्ही सगळ्या फाकांत पांढरीशुभ्र ठेवली आहे. जवळ जाऊन बघा, दर चार खांबांनंतर एक बारीक गाठ आहे. अश्विनीचे चार, भरणीचे चार, आणि कृत्तिकेचा एक खांब मेषेत, तीन वृषभेत. म्हणजे ते नक्षत्र शिवणीवरून पलीकडे जातं. पंचांगात हे वाचताना डोक्यात शिरत नव्हतं, ते सुईने शिरलं.

तिसाव्या फेरीला ३६० खांब होतात. वर्तुळाचे अंशही ३६०. एका राशीला ३०. ती तिसावी फेरी अजून विणलेली नाही. ती का ठेवली, ते शेवटी सांगते.

आता रंग. सुरुवातीला सगळ्यांचं म्हणणं एकच होतं की पुस्तकात बघून करू. पंचांगाच्या रीतीने राशीचा स्वामी जो ग्रह, त्याचा रंग राशीला द्यायचा. मंगळाचा लाल, बुधाचा हिरवा, गुरूचा पिवळा, शनीचा काळा किंवा निळा. यात एक मोठी सोय आहे. कर्क चंद्राची आणि सिंह सूर्याची. त्या दोघींच्या दोन्ही बाजूंनी उतरत जा. मिथुन आणि कन्या बुधाच्या, वृषभ आणि तूळ शुक्राच्या, मेष आणि वृश्चिक मंगळाच्या, मीन आणि धनु गुरूच्या, कुंभ आणि मकर शनीच्या. आरशात पाहिल्यासारखी जोडी जमते. बारा फाका, पण रंग सातच लागतात. ज्यांना घरी असं चक्र करायचं आहे त्यांनी खुशाल हे करावं. तोल आपोआप सांभाळला जातो आणि लोकरही कमी प्रकारची आणावी लागते.

अडचण एवढीच की सूर्यही लाल, मंगळही लाल. चंद्रही पांढरा, शुक्रही पांढरा. दुकानात उभं राहिल्यावर सातातले पाचच उरतात. याला उत्तर वराहमिहिराच्या बृहज्जातकात मिळालं. सहाव्या शतकातला हा ग्रंथ. त्यात सूर्य तांब्याच्या रंगाचा सांगितला आहे आणि शुक्र चित्र, म्हणजे अनेकरंगी. दुकानात मल्टिशेड लोकर मिळते ना, एकाच गुंड्यात चार रंग सरकत जाणारी? ती शुक्राला. सात ग्रहांचे सात वेगळे रंग झाले.

पण त्याच ग्रंथात राशींचे म्हणून वेगळे रंग दिले आहेत आणि ते ग्रहांशी जुळत नाहीत. मेष लाल, वृषभ पांढरी, मिथुन पोपटाच्या अंगासारखी, कर्क फिकट गुलाबी, सिंह धुरकट, कन्या चित्रविचित्र, तूळ काळी, वृश्चिक सोन्यासारखी, धनु पिंगट, मकर कबरी, कुंभ तपकिरी, मीन स्वच्छ. तुळेचा स्वामी शुक्र, आणि रंग मात्र काळा! वृश्चिकेचा स्वामी मंगळ, रंग सोनेरी! म्हणजे एकाच पोथीत दोन याद्या, आणि आजच्या कॅलेंडरांच्या मागे छापलेले "शुभ रंग" ही तिसरी यादी. जी मैत्रीण सर्वांत ठामपणे "शास्त्रात असेल तेच" म्हणत होती तिनेच विचारलं, "कुठल्या शास्त्रातलं?"

खरा अडसर मात्र पुढे होता. प्रत्येकीने आपापल्या राशीची फाक विणायची असं ठरलं होतं. मग प्रश्न आला, आपापली रास म्हणजे कुठली? आपल्याकडे रास म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र जिथे होता ती. वर्तमानपत्रात तारखेवरून देतात ती सूर्याची. त्यातही वर्तमानपत्राची मेष २१ मार्चला लागते आणि पंचांगातली १४ एप्रिलच्या आसपास; सुमारे २४ अंशांचा फरक आहे. एकीच्या तीन राशी निघाल्या.

आणि चौघींची एकही निघाली नाही. त्यांच्याकडे पत्रिका नाही. जन्मतारीख आहे, ती म्हणजे १ जून. हसू नका, इथे बसलेल्यांपैकी किती जणांची १ जून आहे ते हात वर करून दाखवा बरं! बघा. आमच्या वर्गात हजेरीपटावर निम्मी मुलं १ जूनला जन्मलेली होती. पहिलीत नाव घालायला आई-बापांपैकी जे कुणी यायचं त्यांना तारीख सांगता यायची नाही, आणि गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून लिहायचे. त्या तारखेवर पुढे दहावीचा दाखला निघाला, आधार निघालं, नोकरीतली निवृत्तीही ठरली. पण तिच्यावरून रास काढली तर निम्मा वर्ग वृषभ!

या चौघींपैकी एक टोकावड्याच्या पलीकडच्या ठाकूरवाडीतली. हाताने सर्वांत सफाईदार. तिचे खांब मोजायची गरज लागत नाही, सगळे एका उंचीचे. ती म्हणाली, "मला रास नाय. मी जोडकाम करते, फाक तुम्ही घ्या." ते ऐकून कुणीच काही बोललं नाही. बारा जागांच्या चक्रात जिला जागा नाही तिने शिवणी घालायच्या, हे आम्हाला कुणालाच गिळवेना.

मग तिच्या आईला विचारलं. आई ऐंशीच्या घरातली. तारीख माहीत नाही, सालही नाही. पण म्हणाली, म्हशाची जत्रा उठली आणि त्याच्या पुढच्या बाजाराला पोरगी झाली. म्हसा इथल्या कुणाला समजावून सांगायला नको. पौष पौर्णिमेची जत्रा, गुरांचा बाजार आणि घोंगड्या. पौष पौर्णिमा जानेवारीत येते, फार तर डिसेंबर संपता संपता. जत्रा काही दिवस चालते. ती उठून पुढचा बाजार म्हणजे सूर्य बहुतेक मकरेत. रास मिळाली!

त्यानंतर उरलेल्या तिघींच्याही आयांना, मावश्यांना फोन गेले. एक राब भाजायच्या वेळची निघाली, एक लावणीतली. "चिखलातून मला घरी आणली आणि संध्याकाळी तू." तिसरी भात खळ्यावर असतानाची. कुणाच्याच आईला तारीख सांगता आली नाही, आणि वर्षातला काळ मात्र कुणीही चुकली नाही. तेव्हा आम्ही ठरवलं की या चक्रात सूर्याची रास धरायची, पंचांगाच्या संक्रांतीप्रमाणे. मग रंगही आपल्या दोन तालुक्यांत त्या महिन्यात जो दिसतो तोच घ्यायचा. पोथीशी जुळला तर आनंदच.

आमच्यातल्या एका शिक्षिकेने हरकत घेतली होती की शाळेत राशी कशाला, मुलं भविष्य बघायला लागतील. हरकत रास्त होती. पण रास म्हणजे सूर्याच्या वाटेवरचा तीस अंशांचा टप्पा, मैलाच्या दगडासारखा. भविष्य त्याला नंतर चिकटवलं. वेदांत नक्षत्रं आहेत, मेष-वृषभ या राशी नाहीत. त्या पुढच्या काळातल्या. हे मराठीत सविस्तर मांडलं शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, भारतीय ज्योतिषशास्त्रावरच्या १८९६च्या ग्रंथात, आणि ते पेशाने शाळामास्तर होते. शिक्षिका बाईंची मास्तरांपुढे हरकत राहिली नाही.

तर आता भिंतीकडे बघा, मी उजवीकडच्या लाल फाकेपासून सांगते.

मेष लाल. पोथी, पंचांग आणि एसटी स्टँडचा गुलमोहर, तिघांचं एकमत. वृषभ जांभळी, मे-जूनचं जांभूळ. मिथुन पोपटी. आवणातली भाताची रोपं पावसाच्या पहिल्या आठवड्यात जशी दिसतात तशी, आणि वराहमिहिरानेही पोपटच सांगितला होता. त्या माणसाने भाताचं आवण बघितलं असणार, असं आमच्यातल्या एकीचं ठाम मत आहे.

कर्क करडी. सोळा जुलैपासूनचा महिना, लावणीचा. वर ढग, खाली पाणी, मधे वाकलेली माणसं. मुंबईला पाणी पाजणारे आपले तानसा आणि भातसा याच दिवसांत भरतात. सिंह गुलाबी, गौरीच्या तेरड्याची. इथे वराहमिहिराची जोडी आमच्याकडे उलटी झाली. त्याच्या यादीत कर्क गुलाबी आणि सिंह धुरकट आहे. आमच्याकडे ढग आधी येतात, गौरी नंतर. कन्या पिवळी. माळशेजच्या उतारावरची सोनकी आणि दसऱ्याचा झेंडू.

तूळ गडद निळी, दिवाळीच्या अवसेच्या रात्रीची. सूर्य तुळेत असतानाच ती अवस येते, त्यामुळे पोथीतला काळा का ते थोडं कळलं. वृश्चिक सोनेरी मोहरी रंगाची, खळ्यावरच्या भाताची. धनु पेंढ्यासारखी पिंगट.

आणि मकर काळी. यावर मात्र दोन तास गेले. काळा रंग शाळेच्या भिंतीवर नको, शनीचा आहे, अपशकुन वाटतो, त्यापेक्षा निळा घ्या, असं निम्म्या जणींचं म्हणणं. दुसऱ्या बाजूने मी म्हटलं की मकरसंक्रांतीला आपण काळीच साडी नेसतो, बोरनहाणाला तान्ह्या पोराला काळंच झबलं घालतो आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने. वर्षात एकच महिना असा आहे की काळा रंग आपण हौसेने वापरतो, आणि तो हाच. वाद चाललाच होता. मकरेची फाक जिची होती ती म्हणाली, "काळाच द्या. मी झाले तेव्हा आईने म्हशाच्या घोंगडीत गुंडाळली होती मला. ती काळी होती." मग कुणी काही म्हटलं नाही. ती फाक बघा, सर्वांत सरळ कडा तिच्याच आहेत. काळ्यावर खांब दिसत नाहीत, रात्री विणताच येत नाही. तिने ती सगळी दिवसा, अंगणात बसून विणली.

कुंभ केशरी, अर्थात पळस. कासाऱ्याची गाडी धरून फेब्रुवारीत आटगाव-खर्डीच्या पुढे गेलेल्या कुणालाही याचं कारण सांगायला नको. मीन दुधाळ पिवळी, मोहाच्या फुलांची. पहाटे झाडाखाली वेचायची ती फुलं.

आता ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. आम्ही सुती दोरा टाळला. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात सुतावर बुरशीचे ठिपके पडतात, म्हणून ॲक्रिलिक लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई. एका फाकेला पंधरा-सोळा ग्रॅम लोकर लागली, पण प्रत्येक रंगाची दुप्पट घेतली आणि एकाच दिवशी, कल्याणच्या बाजारातून. गुंड्याच्या पट्टीवर डाय लॉटचा नंबर असतो. तोच शेड, पण लॉट वेगळा असला तर फाकेच्या मधोमध पट्टा दिसतो आणि तो धुऊन जात नाही. रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका, गुंडा घेऊन दारात या. आमचा अवसेचा निळा आत काळाच दिसत होता. लाल, काळा आणि गडद निळा यांचा एकेक धागा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवा; रुमाल रंगला तर ती लोकर पांढऱ्या ओळीशेजारी चालणार नाही.

आणखी एक युक्ती. सगळे गुंडे चक्राच्या क्रमाने गोल मांडा आणि मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा. शेजारचे दोन गुंडे फोटोत एकसारखे करडे दिसले तर दुरून ते वेगळे वाटणार नाहीत. आमच्या सिंहेचा पहिला गुलाबी आणि कन्येचा पिवळा फोटोत सारखेच आले, म्हणून गुलाबी राणी रंगाकडे नेला. मोहरी आणि पिंगट यांचंही तसंच. पिंगट एक छटा तपकिरीकडे सरकवला.

चक्राचे फोटो पाहून आमच्यातल्या दोघींना ऑर्डरी आल्या. त्यात एका विक्रेत्याने सांगितलं की प्रत्येक नगाबरोबर "आपल्या राशीस लाभदायक रंग" अशी चिठ्ठी जोडा, दीडपट भाव देतो. क्रोशा मशीनवर होत नाही, सगळं हातानेच. त्यामुळे दीडपट भाव म्हणजे महिन्याच्या किराण्यात फरक पडतो. दोघींनी विचार करायला दोन दिवस घेतले आणि नाही म्हणाल्या. चिठ्ठी ठेवली आहे, पण तिच्यावर रंग कुठून घेतला ते लिहिलं आहे: आवण, तेरडा, पळस, घोंगडी. भाव साधाच मिळतो आहे. तो वाढला पाहिजे, आणि त्यासाठी इथल्या व्यापारी मित्रांनी काय करायचं ते त्यांना जेवताना सांगेन.

आता ती राहिलेली तिसावी फेरी. ३६० खांब, पांढरी लोकर. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणजे एक दिवस एक खांब. जेवणानंतर चक्र भिंतीवरून काढून ग्रंथालयातल्या मोठ्या टेबलावर ठेवणार आहोत. ज्याने त्याने आपल्या जन्मदिवसाचा खांब घालायचा. पुरुषांनीसुद्धा, सुई कशी धरायची ते तिघीजणी शिकवतील. मेषेचा पहिला खांब १४ एप्रिलचा. १५ ऑगस्टवाला कर्केच्या अगदी शेवटी येईल. क्रोशात मधला खांब आधी घालता येत नाही, तेव्हा तारखेच्या क्रमानेच रांग लावा. वर्षाचे दिवस ३६५ असल्याने काही ठिकाणी दोघांना एक खांब वाटून घ्यावा लागेल. ज्या दिवसांचं कुणीच आलेलं नाही ते खांब आमच्या गुरुजनांनी घालावेत, ही विनंती.

१ जूनवाल्यांनी वृषभेच्या अठराव्या खांबापाशी गर्दी करू नये. जेवण वाढेपर्यंत अर्धा तास आहे. घरी फोन लावा. आई असेल तर आईला, नसेल तर आत्याला, शेजारच्या काकूला विचारा, शेतात तेव्हा काय चाललं होतं.